उसाची नोंद 1998 ला, ऊसतोड्याची कधी?



दर जानेवारीत बारामतीत 'कृषिक' प्रदर्शन भरते. पिंपळीतली आम्ही काही पोरे-पोरी यंदाही गेलो होतो. गर्दी सगळी एआयच्या उसाभोवती. 1971 साली उभ्या राहिलेल्या इथल्या कृषी विकास ट्रस्टने मायक्रोसॉफ्टला सोबत घेऊन हा प्रयोग केला आहे. शेतात हवामान केंद्र, मातीत सेन्सर, वरून उपग्रहाची छायाचित्रे, आणि या सगळ्याचा हिशेब लावून शेतकऱ्याच्या मोबाईलवर मराठीत निरोप: आज पाणी द्या, उद्या खत टाका. सुरुवातीला सुमारे 1,000 शेतकरी घेतले. 2025 च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला यांनी या उसाचे कौतुक केले, तेव्हा तालुक्यातला एकही व्हॉट्सॲप ग्रुप त्या व्हिडिओशिवाय राहिला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये राज्य सरकारने शेतीतल्या एआयसाठी वेगळे धोरणही मंजूर केले.

ऊस खरेच चांगला होता, ते नाकारायचे कारण नाही. पण परत येताना गाडीवर मागे बसलेल्या मित्राने विचारले, "माझी आई वीस वर्षे लोकांच्या उसात खुरपायला जाते. तिच्या मोबाईलवर काय निरोप येणार?" आम्ही हसलो. उत्तर मात्र कुणाकडेच नव्हते. म्हणून मागे जाऊन पाहिले, की आपल्याकडे सरकार, कारखाना आणि कंपनी यांनी मिळून गावात संगणक आणला तेव्हा नेमके काय झाले होते.

त्यासाठी वारणेला जावे लागते. कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळा तालुक्यात वारणानगर आहे. तिथला सहकारी साखर कारखाना तात्यासाहेब कोरे यांनी 1950 च्या दशकाअखेर उभा केला. 1998 साली वाजपेयी सरकारने माहिती तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्यातून देशातला पहिला मोठा ग्रामीण संगणक प्रकल्प निघाला, तो या वारणा खोऱ्यात: वारणा वायर्ड व्हिलेज. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली लागून असलेली सुमारे 70 गावे निवडली. पैसा केंद्राचा, राज्याचा आणि थोडा वारणा समूहाचा. काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे, म्हणजे एनआयसीचे. गावात एक खोली, तिच्यात संगणक आणि तो चालवणारा एक पोरगा. जगभरातले अभ्यासक ही खोली बघायला येत.

त्या खोलीने काय साधले हे ऊसपट्ट्यात वाढलेल्याला लगेच कळेल. आधी शेतकऱ्याला लागणीची नोंद, तोडीची पाळी, वजन, बिलाचा हप्ता यातले काहीही कळायला कारखान्याच्या शेतकी खात्यात हेलपाटे घालावे लागत, नाहीतर चिटबॉयची मनधरणी करावी लागे. आपल्या आधी दुसऱ्याला तोड कशी मिळाली, या भांडणावर पिढ्या गेल्या आहेत. आता हे गावातच छापून मिळू लागले. वजनाची पावती, खताची परवानगी, शिल्लक, सगळे. हा फायदा लहान नव्हता, विशेषतः एक-दोन एकरवाल्यासाठी.

पण प्रकल्पाची जाहिरात एवढ्यावर झाली नव्हती. बाजारभाव, पीकसल्ला, जमिनीचे उतारे, सरकारी योजना, रोजगाराची माहिती, हे सारे त्याच खोलीतून मिळणार होते. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी तिथे पाहिले, तेव्हा संगणकावर प्रामुख्याने एकच काम चाललेले होते: कारखाना आणि ऊस उत्पादक यांच्यातली उसाची देवाणघेवाण. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला, की एवढ्यासाठी संगणक तरी कशाला? सात गावांत आठ महिने त्यांनी तेच काम एसएमएसवर करून दाखवले. ते स्वस्त पडले, सोयीचे ठरले, शेतकऱ्यांना आवडलेही. याला 'वारणा अनवायर्ड' म्हणतात. आधी तारा जोडल्याचे कौतुक, मग तोडल्याचे!

बहुतेक लेखांत ही गोष्ट इथेच संपते. संगणक महाग होता, मोबाईल स्वस्त, म्हणून मोबाईल जिंकला. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाने इथे थांबू नये. जमिनीचे उतारे आणि रोजगार मागे पडले, पण उसाचे वजन टिकले. का? कारण उसाचे वजन कळणे ही कारखान्याची आणि सभासदाची, दोघांचीही गरज होती. रोजगाराची माहिती ज्याला हवी होती, तो त्या व्यवहारात कुणीच नव्हता. सभासद व्हायला शेअर लागतो, शेअरला ऊस लागतो, उसाला जमीन आणि पाणी लागते. म्हणजे संगणकाच्या यादीत यायची वाट सातबाऱ्यातून जाते.

आणि सातबारा कुणाचा, हा प्रश्न 1998 चा नाही. गावकीची सगळी कामे करून आपल्या वाट्याला आली ती वतनाची जमीन. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. कायदा व्हायला 1958 उजाडले. वतन गेले, पण जमीन परत मिळाली ती अटी घालून. आजही अनेकांच्या उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' असते. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 1959 ला आणि पुन्हा 1964-65 ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, लाखो माणसे तुरुंगात गेली, त्यांत कडेवर पोरे घेतलेल्या बाया होत्या. त्यांची मागणी सरकारी पडीक जमिनीची होती. ती जेवढी मान्य झाली तेवढीच नावे उताऱ्यावर चढली. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघतो. चांगली सोय आहे. पण जे नाव कागदावर नव्हते ते पडद्यावर कुठून येणार? गावाची जुनी वही होती तशी संगणकात गेली, एवढेच.

आता कोयत्याकडे या. नीरा डाव्या कालव्याच्या आमच्या पट्ट्यात हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. उसाच्या कडेला कोपी पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, हा इथला हिशेबाचा एकक. दोन माणसे, एक नग. उचल मुकादमाकडून नवऱ्याच्या नावावर. गाडी वजनकाट्यावर गेली की शेतकऱ्याच्या मोबाईलवर वजन येते. ज्या बाईने पहाटे चारला उठून तो ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून गाडीत भरल्या, तिची मजुरी त्याच टनावर ठरते, पण तिच्या मोबाईलवर काही येत नाही. तिला मुकादम सांगेल ते वजन. हंगाम संपताना फिटायची उचल उलट वाढलेली निघते, ती याच अंधारात. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. दर वाढला, पण टन कोण मोजणार आणि कुणाला सांगणार, हे आहे तिथेच आहे.

वारणेत उसाची नोंद 1998 ला संगणकात गेली. ऊसतोड कामगारांची नोंद करून त्यांना ओळखपत्र देण्याचे काम राज्य सरकारने हाती घेतले ते 2021 मध्ये. कांड्याला ओळख मिळाली आणि ती तोडणाऱ्या हाताला मिळायला वीस वर्षांहून अधिक काळ गेला. एसएमएस पाठवायला जेवढा खर्च शेतकऱ्याला येतो तेवढाच कोयत्याला येणार, त्यामुळे याला तांत्रिक अडचण म्हणू नका.

वेगळे होऊ शकते का? आफ्रिकेत झाले आहे. 1999 च्या सुमारास युगांडातल्या नाकासेके या खेड्यात युनेस्को, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना आणि कॅनडाची एक संशोधन संस्था यांनी मिळून असेच एक केंद्र उघडले. तिथेही सुरुवातीला संगणक म्हणजे शिकलेल्या तरुणांची वस्तू होती. मग खेड्यातल्या बायांसाठी एक सीडी तयार झाली: चार पैसे कमवायचे मार्ग, चित्रांतून, त्यांच्याच लुगांडा भाषेत बोलणारी. लिहिता-वाचता न येणारी बाई समोर बसून माऊस दाबू शकत होती. एका सत्तरीतल्या शेतकरी बाईने ती शिकून गावातल्या इतर बायांना शिकवली, असे त्या केंद्राबद्दल नोंदवलेले आहे. संगणक तोच, सरकार आणि परदेशी पैसा तसाच. पण समोर कोण बसणार हे आधी ठरवले, आणि मग वस्तू बनवली. वारणेत वस्तू आधी ठरली. (नाकासेकेची भक्ती करू नका. परदेशी पैशावरची अशी बरीच केंद्रे पैसा आटला तशी मंदावली.)

दुसरे उदाहरण आपल्या अंगावर काटा आणणारे आहे. केनियात 2007 च्या निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला. 2008 च्या जानेवारीत तिथल्या काही ब्लॉग लिहिणाऱ्या आणि संगणकाचे काम करणाऱ्या तरुणांनी 'उशाहिदी' सुरू केले. स्वाहिली भाषेत याचा अर्थ साक्ष. कुणीही एसएमएस करायचा, काय घडले ते नकाशावर दिसायचे. त्याच्या सव्वा वर्ष आधी आपण काय करत होतो आठवा. 29 सप्टेंबर 2006, खैरलांजी. भोतमांगे कुटुंबाच्या हत्याकांडाला वर्तमानपत्रे आधी 'अनैतिक संबंधां'ची बातमी म्हणून छापत होती. जातीचे नाव घेऊन खरे काय ते सांगितले आपल्या सत्यशोधन करणाऱ्या कार्यकर्त्यांनी, आणि ते पसरले एसएमएसवरून, ईमेलवरून, आपल्या लोकांच्या ब्लॉगवरून. कुठल्या फाउंडेशनने पैसे दिले नव्हते. जगाने उशाहिदीचा अभ्यास केला, खैरलांजीच्या एसएमएसचा नाही. आपणही केला नाही, ही चूक आपली. ते निरोप आज कुणाच्या मोबाईलमध्ये शिल्लक आहेत?

आपल्या चळवळीत या विषयावर दोन टोके आहेत. एक म्हणते, एआय म्हणजे आपल्या पोटावर पाय. दुसरे म्हणते, एक ॲप काढले की क्रांती. दोघांनीही बाबासाहेब वाचावेत. यंत्रे नकोत म्हणणाऱ्या गांधीवादाला त्यांनी 1945 साली खोडून काढले. यंत्र माणसाला फुरसत देते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, हा त्यांचा मुद्दा. दोष यंत्राचा नसून त्याची मालकी मूठभरांकडे ठेवणाऱ्या समाजरचनेचा. 1943 साली मजूरमंत्री म्हणून विजेच्या प्रश्नावर बोलतानाही त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक मिळण्याचा आग्रह धरला. आणि 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर थेट शेतीच राज्याच्या मालकीचा उद्योग करा, जमीन गावकऱ्यांना जातपात न पाहता सामुदायिक कसायला द्या, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरणार नाहीत, अशी मांडणी केली. बारामतीच्या एआयला हाच प्रश्न विचारायचा आहे. खर्चाचा वाटा शेतकरी आणि कारखाना उचलतात, संशोधन संस्था मदत करते, कंपनीला माहिती मिळते. मजूर यात कुठल्या रकान्यात आहे?

उद्या पाण्याचा आणि खताचा हिशेब यंत्राने केला की खुरपणीचे, पाणी धरायचे किती दिवस कमी होणार, याची मोजणी आजपासून झाली पाहिजे. ती कारखाना करणार नाही, कारण त्याला तिची गरज नाही. म्हणून गेल्या हंगामात आम्ही आमच्यापुरती सुरुवात केली. पिंपळीच्या शिवारात उतरलेल्या काही टोळ्यांत पोरांनी रोज संध्याकाळी वजनाच्या पावतीचा फोटो मोबाईलवर काढला आणि वहीत टन लिहिले. हंगाम संपताना मुकादमाच्या हिशेबाशी ते ताडून पाहिले. काही कोपींत दोन्ही जुळले. एका कोपीत जुळले नाही. तिथे फोटो दाखवल्यावर हिशेब दुसऱ्यांदा झाला.

वहीत आधी आम्हीही एकाच रकान्यात 'कोयता' लिहून पुढे नवऱ्याचे नाव टाकले होते. एका बाईने ते वाचून घ्यायला लावले आणि विचारले, "यात मी कुठंय?" आता वहीत दोन रकाने आहेत. वही विहारातल्या कपाटात आहे. या हंगामात ज्यांच्या गावात टोळ्या उतरतील त्यांनी येऊन तिचा नमुना घेऊन जावा.