यामातो : सर्वांत मोठ्या तोफांची शोकांतिका

१/
१६ डिसेंबर १९४१ रोजी ‘यामातो’ ही युद्धनौका जपानी आरमारात दाखल झाली. तिच्यावरील ९ मुख्य तोफांच्या नळीचा व्यास ४६ सेंटीमीटर होता. याहून मोठी तोफ कोणत्याही युद्धनौकेवर त्याआधी बसवली गेली नव्हती आणि नंतरही बसवली गेली नाही.

२/
एका नळीची लांबी २१ मीटरच्या आसपास. चिलखतभेदी गोळ्याचे वजन १,४६० किलो, म्हणजे एका मोटारगाडीइतके. कमाल पल्ला सुमारे ४२ किलोमीटर. तेवढे अंतर कापायला गोळ्याला दीड मिनिटाहून अधिक वेळ लागे. तीन तोफांचा एक फिरता बुरूज सुमारे २,५०० टनांचा होता. त्या काळातील कित्येक विनाशिका वजनाने त्याहून हलक्या होत्या!

३/
एवढा अट्टहास कशासाठी? १९२२ च्या वॉशिंग्टन कराराने मोठ्या युद्धनौकांच्या बाबतीत अमेरिका व ब्रिटनला प्रत्येकी ५, तर जपानला ३ असे प्रमाण ठरवून दिले होते. पुढे जपान करारातून बाहेर पडला. पण अमेरिकेच्या कारखान्यांशी संख्येत बरोबरी करणे अशक्यच होते. मग उरला एकच मार्ग : शत्रूची तोफ पोहोचणार नाही इतक्या दुरून मारा करणे.

४/
या हिशेबात पनामा कालव्यालाही स्थान होते. कालव्याच्या जलपाशांची रुंदी सुमारे ३३.५ मीटर. दोन्ही महासागरांत ये-जा करण्यासाठी अमेरिकी युद्धनौकांना त्याहून अरुंद राहणे भाग होते. यामातोची रुंदी मात्र जवळजवळ ३९ मीटर होती. इतक्या अवजड तोफा पेलणारी नौका अमेरिका सहजासहजी बांधणार नाही, असा जपानी आरमाराचा होरा होता.

५/
गुप्तता इतकी कडक की कागदोपत्री या तोफांचा उल्लेख ‘४० सेंटीमीटर’ असाच होई. त्यांचा खरा व्यास अमेरिकेला युद्ध संपल्यावरच खात्रीने कळला. शत्रूला धाक बसावा असे शस्त्र घडले, पण ते शत्रूपासूनच लपवून ठेवले गेले.

६/
आता नऊ दिवस मागे जाऊ. ७ डिसेंबर १९४१, पर्ल हार्बर. ‘ॲरिझोना’ या अमेरिकी युद्धनौकेच्या दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला आणि तिच्यावरील १,१७७ जण मृत्युमुखी पडले. तिच्यावर पडलेले बॉम्ब म्हणजे मुळात जपानी युद्धनौकांच्या ४१ सेंटीमीटर तोफांचे गोळे होते. ते तासून, मागे पंख जोडून, सुमारे ८०० किलोचे बॉम्ब तयार करण्यात आले होते.

७/
या घटनेचा अर्थ नीट पाहावा. तोफेचा पल्ला ४२ किलोमीटर. पण तोफेसाठी घडवलेला गोळा तीन माणसांच्या विमानाने शेकडो किलोमीटर दूर नेऊन टाकला. यामातो सेवेत येण्यापूर्वीच तिच्या मूळ कल्पनेला जपानच्याच वैमानिकांनी छेद दिला होता. १० डिसेंबरला त्यांनी मलायानजीक ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या ब्रिटिश नौकाही बुडवल्या.

८/
शत्रूच्या जहाजांवर या तोफा डागण्याची संधी यामातोला एकदाच मिळाली. २५ ऑक्टोबर १९४४, फिलिपिन्समधील समार बेटाजवळ. समोर लहान विमानवाहू नौका आणि मोजक्या विनाशिका. पण धुराचे पडदे आणि पावसाच्या सरी आड आल्या. विनाशिकांचे टॉर्पेडो चुकवण्यासाठी यामातोला तोंड फिरवावे लागले आणि ती लढाईपासून दूर गेली. तिची जुळी बहीण ‘मुसाशी’ आदल्याच दिवशी विमानहल्ल्यात बुडाली होती.

९/
७ एप्रिल १९४५. ओकिनावाकडे निघालेल्या यामातोवर शेकडो अमेरिकी विमाने तुटून पडली. विमानांवर मारा करण्यासाठी तिच्या महाकाय तोफांना खास गोळे दिलेले होते. त्यांचा विशेष उपयोग झाला नाही. सुमारे दोन तासांत नौका उलटली आणि प्रचंड स्फोटासह बुडाली. सुमारे ३,३०० जणांपैकी ३,००० हून अधिक परतले नाहीत. त्यांना बुडवणारे एकही जहाज त्यांच्या नजरेस पडले नव्हते.

१०/
यामातो जिथे बांधली गेली, त्या कुरे शहरात आज तिचे संग्रहालय आहे. तिथे नौकेची एक-दशांश आकाराची प्रतिकृती आहे आणि ४६ सेंटीमीटर तोफेचा गोळाही. गोळ्याची उंची जवळजवळ दोन मीटर. त्याच्या शेजारी उभा राहिलेला माणूस सहसा त्याच्याहून बुटकाच दिसतो.