अँटीव्हायरसच कॉम्प्युटरची रॅम खातोय? बंद करण्याआधी हे तपासा

कॉम्प्युटर अचानक संथ झाला, माउस अडखळू लागला, म्हणून टास्क मॅनेजर उघडावा तर यादीत सर्वांत वर 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' असं नाव दिसतं. विंडोज १० आणि ११ वापरणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. शोधाशोध केली की बहुतेक व्हिडिओंमध्ये आणि फॉरवर्डमध्ये एकच सल्ला सापडतो : हे बंद करून टाका.

पण त्याच कॉम्प्युटरवरून घरातलं कुणीतरी नेट बँकिंग करतं, आयकर विवरणपत्र भरतं, मुलांच्या शाळेच्या फाइल्स पेन ड्राइव्हवरून घेतं. त्यामुळे अँटीव्हायरस बंद करणं हा पहिला उपाय असू शकत नाही. बहुतेक वेळा त्याची गरजही पडत नाही.

हे नक्की आहे तरी काय?

'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' हा विंडोजसोबत मोफत येणारा अँटीव्हायरस. तो पडद्यामागे ज्या प्रोसेसच्या रूपात चालतो, तिचं हे नाव. तुम्ही एखादी फाइल उघडता, डाउनलोड करता किंवा कॉपी करता, तेव्हा ती घातक आहे का हे लगेच तपासण्याचं काम ही प्रोसेस करते. त्यासाठी व्हायरस ओळखण्याची माहिती हाताशी असावी लागते. दर वेळी ती डिस्कवरून वाचत बसलं तर प्रत्येक फाइल उघडायला वेळ लागेल. म्हणून ही माहिती मेमरीत ठेवली जाते.

म्हणजेच थोडी रॅम वापरली जाणारच. शे-दोनशे एमबी दिसत असतील तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पूर्ण स्कॅन सुरू असताना किंवा मोठी झिप फाइल तपासताना हा आकडा बराच वाढतो आणि काम संपल्यावर खाली येतो.

आधी निदान, मग उपाय

'कंट्रोल + शिफ्ट + एस्केप' ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. 'प्रोसेसेस'मध्ये जाऊन 'मेमरी' या रकान्यावर क्लिक करा. सर्वांत जास्त रॅम वापरणारा प्रोग्रॅम वर येईल. आता तीन गोष्टी पाहा.

एक, वाढ तात्पुरती आहे का? अर्धा-पाऊण तास थांबून पुन्हा बघा. आकडा खाली आला असेल तर ते नेहमीचं स्कॅनिंग होतं.

दोन, दोष खरंच अँटीव्हायरसचा आहे का? अनेकदा वीस-पंचवीस टॅब उघडलेला ब्राउझर त्याच्या कित्येक पट रॅम घेऊन बसलेला असतो. 'डिस्क'च्या रकान्यात सतत १०० टक्के दिसत असेल, तर अडचण रॅमपेक्षा जुन्या हार्ड डिस्कच्या वेगाची असू शकते.

तीन, प्रोसेस खरी आहे का? काही मालवेअर ओळखीची नावं घेऊन वावरतात. नावावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडा. डिफेंडरची फाइल सी ड्राइव्हवर 'प्रोग्रॅमडेटा' किंवा 'प्रोग्रॅम फाइल्स'मधल्या 'विंडोज डिफेंडर' फोल्डरमध्ये असते. ती डाउनलोड्समध्ये किंवा टेम्प फोल्डरमध्ये सापडली तर लगेच पूर्ण स्कॅन करा.

रॅमचा वापर कमी होतच नसेल तर?

१. रीस्टार्ट करा, नुसतं शटडाउन नको. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू होते. त्यामुळे अडकलेली सर्व्हिस तशीच राहू शकते. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळं नव्याने सुरू होतं.

२. अपडेट करा. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जा आणि 'चेक फॉर अपडेट्स' दाबा. एखाद्या आवृत्तीतल्या दोषामुळे मेमरी वाढत असेल तर त्याची दुरुस्ती अपडेटमधूनच येते.

३. दोन अँटीव्हायरस आहेत का ते बघा. नव्या लॅपटॉपसोबत अनेकदा दुसऱ्या कंपनीचा ट्रायल अँटीव्हायरस येतो. पुण्याच्या क्विक हीलसारखा अँटीव्हायरस विकत घेऊन टाकणारेही बरेच आहेत. घरच्या कॉम्प्युटरवर असा दुसरा अँटीव्हायरस नीट सुरू असला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो. पण दुसऱ्या कंपन्यांचे दोन अँटीव्हायरस एकाच वेळी असतील, तर दोघंही तीच फाइल तपासत बसतात आणि कॉम्प्युटर रखडतो. एकच ठेवा. मुदत संपलेला ट्रायल अनइन्स्टॉल करा आणि डिफेंडर पुन्हा सुरू झाला आहे ना, याची 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये खात्री करून घ्या.

४. स्कॅनची वेळ बदला. स्टार्ट मेनूत 'टास्क शेड्युलर' शोधा. त्यातल्या लायब्ररीत मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोज डिफेंडर या क्रमाने गेलं की 'विंडोज डिफेंडर शेड्युल्ड स्कॅन' सापडतं. त्याच्या 'ट्रिगर्स'मध्ये कॉम्प्युटर सुरू असतो, पण कुणी काम करत नसतं अशी वेळ द्या. उदाहरणार्थ, दुपारच्या जेवणाची.

५. फोल्डर वगळायचा असेल तर जपून. व्हिडिओ एडिटिंग किंवा प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांच्या एकाच फोल्डरमध्ये हजारो फाइल्स सतत बदलत असतात आणि प्रत्येक बदल तपासला जातो. असा एखादा विश्वासाचा फोल्डर 'एक्सक्लुजन्स'मध्ये टाकता येतो. मात्र डाउनलोड्स, पेन ड्राइव्ह किंवा अख्खा सी ड्राइव्ह कधीही वगळू नका. घातक फाइल्स नेमक्या तिथूनच शिरतात. डिफेंडरची स्वतःची प्रोसेस वगळा, असा सल्लाही इंटरनेटवर फिरतो. तसं केल्यास त्या प्रोसेसने उघडलेल्या फाइल्स तपासणीतून सुटतात, तिने घेतलेली रॅम मात्र मोकळी होईलच असं नाही.

'एंड टास्क' किंवा रजिस्ट्रीत बदल का करू नये?

डिफेंडरची प्रोसेस संरक्षित असते, त्यामुळे 'एंड टास्क' दाबलं तरी ती सहसा बंद होत नाही. सेटिंग्जमधून 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' बंद केलं तरी थोड्या वेळाने ते आपोआप सुरू होतं. यावर मात करण्यासाठी रजिस्ट्री बदलणारी छोटी टूल्स सुचवली जातात. त्यांतली काही टूल्स आधी अँटीव्हायरस बंद करा आणि मग आम्हाला चालवा, असं सांगतात. अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाइलने अशी अट घातली, तर तीच धोक्याची खूण समजावी. पासवर्ड चोरणारे आणि फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारे प्रोग्रॅम याच वाटेने आत येतात.

रॅमच कमी असेल तर?

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम लागते. पण किमान म्हणजे पुरेशी नव्हे. विंडोज, ब्राउझर आणि अँटीव्हायरस एकत्र चालले की ४ जीबी सहज भरते. मग विंडोज मेमरीतला काही भाग डिस्कवर हलवू लागते आणि डिस्क रॅमपेक्षा कितीतरी संथ असल्यामुळे सगळंच अडखळतं. अशा वेळी अँटीव्हायरस काढला तरी फारसा फरक पडत नाही. रॅम ८ जीबी केली आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर जुन्या कॉम्प्युटरलाही चांगला वेग येतो.

खरेदीआधी टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' विभागात 'मेमरी'वर क्लिक करा. किती स्लॉट वापरात आहेत ते तिथे दिसतं. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ रॅम एकमेकींच्या जागी बसत नाहीत. काही पातळ लॅपटॉपमध्ये तर रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असते, ती वाढवता येत नाही. म्हणून मॉडेल क्रमांक दुकानदाराला दाखवूनच रॅम घ्यावी. तोपर्यंत नको असलेले टॅब बंद ठेवणं आणि टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' विभागातून कॉम्प्युटरसोबत आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद करणं, हे दोन उपाय आजच आणि फुकट करता येतात.