हृदय शस्त्रक्रिया विभागातील मधल्या फळीचे सर्जन: रुग्णाच्या कुटुंबाने काय जाणून घ्यावे?

“मोठे डॉक्टर आज आले नाहीत का?” हृदय शस्त्रक्रियेच्या वॉर्डात हा प्रश्न रोज ऐकू येतो. बायपास किंवा झडप बदलण्याचे ऑपरेशन ज्यांच्या नावावर ठरते, ते मुख्य सर्जन तुम्हाला दिवसातून एकदा, फार तर दोनदा भेटतात. उरलेल्या वेळात रुग्णाकडे पाहणारे सर्जन वेगळे असतात. त्यांना कुठे सीनियर रजिस्ट्रार म्हणतात, कुठे असोसिएट कन्सल्टंट.

ते शिकाऊ आहेत का, ही शंका स्वाभाविक आहे. एमबीबीएस आणि इंटर्नशिपची मिळून साडेपाच वर्षे, मग जनरल सर्जरीत एमएसची 3 आणि त्यानंतर हृदय व छातीच्या शस्त्रक्रियेत एमसीएचची 3 वर्षे, असा हा नेहमीचा मार्ग आहे. रजिस्ट्रार यातल्या शेवटच्या टप्प्यात असू शकतात. असोसिएट कन्सल्टंट बहुधा तो पूर्ण केलेले असतात.

ऑपरेशनमध्ये कोण काय करते?

बायपास एकट्याने होत नाही. एक सर्जन पायातून शीर काढत असतो, त्याच वेळी दुसरा छातीचे मधले हाड उघडून आतल्या भिंतीवरची धमनी मोकळी करतो. हृदयावरच्या दीड-दोन मिलिमीटरच्या रक्तवाहिनीला केसासारख्या बारीक धाग्याने जोड देण्याचे काम सहसा मुख्य सर्जन करतात. शेवटी हाड स्टीलच्या तारांनी बांधून छाती बंद करणे पुन्हा मधल्या फळीकडे येते. (या तारा बहुतेक वेळा कायम आतच राहतात. त्या एक्स-रेमध्ये दिसल्या म्हणून घाबरू नका.)

म्हणून “ऑपरेशन तुम्हीच करणार ना?” यापेक्षा “कोणता भाग कोण करणार?” असे विचारा. हा प्रश्न विचारण्यात अपमान काहीच नाही. मात्र तो संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा, थिएटरच्या दारात नको.

पहिली रात्र

मधल्या फळीचे खरे काम रात्री दिसते. छातीत ठेवलेल्या नळ्यांतून, म्हणजे ड्रेनमधून, तासाला किती रक्त येते याची नोंद होते. ते फार येत राहिले तर रुग्णाला पुन्हा थिएटरमध्ये नेऊन रक्तस्राव थांबवावा लागतो. उलट, वाहता ड्रेन अचानक कोरडा पडला आणि त्याच वेळी रक्तदाब घसरू लागला, तर रक्त हृदयाभोवती साठून त्यावर दाब येत असण्याची शक्यता असते. हे ओळखून मुख्य सर्जनना रात्री दोन वाजता उठवायचे की नाही, हा निर्णय या डॉक्टरांचा असतो. “पेशंटला परत आत नेतोय” असा फोन आला तर ऑपरेशन बिघडले असाच अर्थ काढू नका. वेळेवर परत नेणे हाच तेव्हाचा उपचार असतो.

दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींच्या हृदयाचे ठोके जलद आणि अनियमित होतात. हे बऱ्यापैकी नेहमीचे आहे आणि बहुतेक वेळा औषधांनी आटोक्यात येते. “छातीत फडफडतंय” असे रुग्ण म्हणाला तर राउंडची वाट न पाहता नर्सला लगेच सांगा.

छातीचे रुग्ण आणि ती बाटली

हेच सर्जन फुप्फुसाचेही रुग्ण पाहतात: अपघातात बरगड्या मोडलेले, फुप्फुसाभोवती हवा साठलेले, न्यूमोनिया किंवा टीबीनंतर पू झालेले. अशा रुग्णांना छातीत नळी घालून ती पाणी असलेल्या बाटलीला जोडतात. बाटलीत बुडबुडे येणे म्हणजे हवा बाहेर पडते आहे. रुग्णाला संडासला किंवा एक्स-रेला नेताना बाटली नेहमी छातीच्या पातळीखाली, उभी धरा. खाटेवर ठेवू नका, आणि सांगितल्याशिवाय नळीला चिमटा लावू नका. नातेवाइकांच्या हातून ही चूक फार होते, कारण बाटली सांभाळायला कुणीतरी हातात देतो आणि नियम सांगायचा राहून जातो.

बोलायचे कसे?

घरातल्या एकानेच डॉक्टरांशी बोलावे. सकाळी मुलगा, दुपारी जावई आणि संध्याकाळी काका असे विचारत राहिले की उत्तरांचा मेळ बसत नाही आणि घरातच गैरसमज होतात. आधीची औषधे, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, तंबाखू आणि दारू यांची खरी माहिती या डॉक्टरांना द्या. रुग्णासमोर सांगणे अवघड असेल तर बाजूला घेऊन सांगा. दोन डॉक्टरांनी वेगवेगळे सांगितले असे वाटले, तर तसे स्पष्ट बोला आणि मुख्य सर्जनसोबत एकत्र भेट मागा.

घरी सोडताना सूचना देणारेही बहुधा तेच असतात. हाड जुळायला साधारण 2 ते 3 महिने लागतात. तोवर जड उचलणे आणि दुचाकी चालवणे त्यांच्या परवानगीनेच. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, खोकताना हाडात ‘कट’ असा आवाज, वाढता दम, दोन-तीन दिवसांत अचानक वाढलेले वजन, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्यासाठी रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा, तो डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.