म्हातारपणी खुबा मोडला तर वाट पाहू नका. पहिले दोन दिवस महत्त्वाचे

पहाटे न्हाणीत पाय सरकतो, म्हातारी कुशीवर पडते आणि उठता येत नाही. मग घरात चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं, मुका मार असेल, लेप लावा. कुणी म्हणतं, वय झालंय, आता कशाला ऑपरेशन? यातच चार-आठ दिवस निघून जातात. खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये हेच दिवस महागात पडतात.

कसे ओळखायचे?
पडल्यावर जांघेत जोराची कळ येते, पायावर भार देता येत नाही. बऱ्याचदा तो पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले असते. पण मोडलेले हाड एकमेकांत रुतून बसले असेल तर काही जण लंगडत चालतातही. त्यामुळे एक्स-रे काढल्याशिवाय मुका मार समजून सोडून देऊ नये.

जीवाला धोका कशाने?
मोडलेल्या हाडापेक्षा अंथरुणाला खिळल्याने धोका जास्त. पडून राहिल्यावर छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, लघवीत जंतुसंसर्ग होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या धरतात.

अभ्यास काय सांगतात?
इंग्लंडमध्ये २००७ पासून खुबा मोडलेल्या रुग्णांची देशपातळीवर नोंद ठेवली जाते. २००७ ते २०११ या काळात तिथे लवकर ऑपरेशन होणाऱ्या रुग्णांचे प्रमाण सुमारे ५४ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेले. महिनाभरात दगावणाऱ्यांचे प्रमाण १०.९ वरून ८.५ टक्क्यांवर आले. म्हाताऱ्या माणसांच्या आजारांचे डॉक्टर हाडांच्या डॉक्टरांसोबत काम करू लागले, त्याचाही यात वाटा आहे.

२०२० मध्ये भारतासह १७ देशांतील २,९७० रुग्णांवरचा ‘हिप अटॅक’ हा अभ्यास प्रसिद्ध झाला. निदानानंतर साधारण ६ तासांत आणि साधारण २४ तासांत ऑपरेशन झालेल्यांची तुलना केली, तर मृत्यूंमध्ये फारसा फरक दिसला नाही. पण लवकर ऑपरेशन झालेल्यांना भ्रम कमी झाला, ते लवकर उभे राहिले आणि लवकर घरी गेले. म्हणजे दोन-चार तास इकडे-तिकडे झाले म्हणून घाबरायचे कारण नाही. पण दिवसच्या दिवस घालवू नयेत.

पडल्यावर काय करावे?
- उभे करून चालवून बघू नका. चोळू नका, पाय ओढू नका.
- पायाखाली-बाजूला उशी किंवा घडी घातलेली चादर ठेवून पाय हलू देऊ नका.
- १०८ ला फोन करा, ही रुग्णवाहिका मोफत आहे. हाडांचे ऑपरेशन होते अशाच रुग्णालयात नेण्याबाबत विचारा.
- बीपी, शुगर आणि विशेषतः रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सोबत न्या.
- रेशनकार्ड, आधारकार्ड घ्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसते का, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारा.

ऑपरेशननंतर
डॉक्टरांनी परवानगी दिली की दुसऱ्या दिवशीच वॉकर धरून उभे करावे. ‘टाके ओले आहेत, पडून राहू दे’ ही माया अंगलट येते.

एक गोष्ट हमखास राहून जाते. ज्याचा खुबा साध्या पडण्याने मोडला, त्याची बाकीची हाडेही ठिसूळ झालेली असू शकतात. २००७ च्या एका मोठ्या अभ्यासात, वर्षातून एकदा दिल्या जाणाऱ्या झोलेड्रोनिक ॲसिडच्या इंजेक्शनने नवीन फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. किडनीचा त्रास असलेल्या प्रत्येकाला ते चालत नाही. म्हणून घरी सोडताना डॉक्टरांना एवढे विचाराच, ‘हाडांच्या ठिसूळपणावर औषध सुरू करायचे का?’

आणि न्हाणीत धरायला एक दांडी व रात्रीचा एक दिवा आजच लावून टाका.