नव्या गाडीत वाऱ्याचा आवाज येतोय? वॉरंटी आहे तोवर हे करून घ्या

दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी घरी आली. पेढे वाटून झाले, आठवडाभर बेळगाव शहरात फिरवली, काही जाणवलं नाही. मग आईला घेऊन कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला निघालो. हत्तरगी टोलनाका मागे पडला, वेग ८०च्या वर गेला आणि माझ्या उजव्या कानाशी बारीक सूं सूं सुरू झालं. मागून आई म्हणाली, "काच नीट लाव रे." काच लावलेलीच होती.

त्यानंतर तीन महिन्यांत चार वेळा सर्व्हिस सेंटरला गेलो. पहिल्या तीन वेळा उत्तर एकच: "सर, काही नाही. नॉर्मल आहे. सगळ्याच गाड्यांना येतंय." चौथ्या वेळी अर्ध्या तासात दोष सापडला. मेकॅनिक तोच होता, गाडी तीच होती. बदलली होती ती माझी तक्रार सांगायची पद्धत. बरेच वाचक हाच त्रास सांगतात, म्हणून हे सगळं क्रमाने देत आहे.

आधी खात्री करा, आवाज वाऱ्याचाच आहे का

गाडीत चार प्रकारचे आवाज मिसळतात: इंजिन, टायर, एसीचा पंखा आणि वारा. ते वेगळे करायला सोपं आहे.

एसीचा पंखा आणि गाणी बंद करा. हवा आत घेण्याचं बटण एकदा बाहेरच्या हवेवर, एकदा आतल्या हवेवर ठेवून पाहा. फरक पडला तर आवाज डॅशबोर्डमधल्या हवेच्या वाटेने येतोय.

वेग तोच ठेवून एक गिअर खाली घ्या. इंजिनाचे फेरे वाढले तरी आवाज तसाच राहिला, तर दोष इंजिनाकडे नाही.

डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाज बदलला तर तो टायरचा. रस्ता बदलूनही तसाच राहिला तर वाऱ्याचा.

आपल्या भागासाठी आणखी एक चाचणी आहे. पावसाळ्याच्या महिन्यांत वारा पश्चिमेकडून असतो. बेळगावहून कोल्हापूरकडे जाताना तो डाव्या अंगाला लागतो, परतताना उजव्या, म्हणजे चालकाच्या अंगाला. जाताना डावीकडून आणि येताना उजवीकडून आवाज आला तर तो वाऱ्याच्या माराचा. दोन्ही वेळा एकाच दारातून आला तर त्या दारात काहीतरी आहे.

वाऱ्याचा आवाज वेगासोबत झपाट्याने चढतो. वेग दुप्पट झाला की आवाजाची पातळी साधारण १५ ते १८ डेसिबलने वाढते. म्हणून शोरूमच्या गल्लीत ताशी ४०ने एक चक्कर मारून "आवाज नाही" म्हणणं याला तपासणी म्हणता येत नाही. चाचणी हायवेवरच व्हायला हवी, आणि तीही वेगमर्यादेत. ८० ते ९० पुरेसे आहेत.

वारा शिरतो कुठून

नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत.

दाराभोवतीचं रबर, ज्याला आपल्याकडे बीडिंग म्हणतात. ते कोपऱ्यात नीट बसलेलं नसतं, मुडपलेलं असतं किंवा त्याची क्लिप सुटलेली असते.

दाराची ठेवण. बिजागरी किंवा लॉक अडकतं तो स्ट्रायकर एखाद-दुसऱ्या मिलिमीटरने बाहेर असला तरी दार रबरावर पुरेसं दाबलं जात नाही.

काच वरखाली होते ती रबरी खाच. काच पूर्ण वर जाऊनही कोपऱ्यात फट राहते.

बाजूच्या आरशाचा पाया आणि त्यामागचा प्लास्टिकचा त्रिकोणी तुकडा.

पुढच्या काचेच्या कडेची पट्टी. काच फुटून नवीन बसवली असेल आणि तेव्हापासून आवाज सुरू झाला असेल तर आधी इथेच पाहा.

सनरूफचं रबर आणि त्यापुढचा वारा अडवणारा पट्टा. आवाज डोक्यावरून येत असेल तर संशय यावर.

आणि शेवटी आपणच बसवलेल्या गोष्टी: दारावरचे व्हायझर, टपावरचं कॅरिअर. ते काढून एकदा हायवेवर जाऊन या, मगच तक्रार करा. नाहीतर सर्व्हिस सेंटरचं पहिलं बोट त्यांच्यावरच जाईल.

घरच्या घरी तपासणी

नोटेची चाचणी: दार उघडून रबरावर एक नोट ठेवा, दार लावा आणि नोट ओढा. ती अडखळत, घट्ट निघाली पाहिजे. दारभर दर वीतभर अंतरावर हे करा. जिथे नोट अलगद निसटते तिथे दाब कमी आहे. दुसऱ्या बाजूच्या दारालाही करून तुलना करा.

टेपची चाचणी: ही सगळ्यात कामाची. रंगकाम करणारे वापरतात ती कागदी मास्किंग टेप हार्डवेअरच्या दुकानात मिळते, रंगाला सहसा धक्का लावत नाही. जिथून आवाज येतो त्या दाराची सगळी फट बाहेरून टेपने बंद करा. समोरची काच आणि आरशाची काच झाकू नका, आणि दुसरी दारं उघडी राहू द्या. हायवेवर जा. आवाज थांबला तर जागा त्या फटीतच आहे. आता थांबून थांबून टेपचा एकेक तुकडा काढा. ज्या तुकड्यानंतर आवाज परत आला, तीच जागा. आवाज थांबलाच नाही तर आरसा, काचेची पट्टी, टप असं पुढे सरका. गाडी एकाने चालवायची, ऐकायचं दुसऱ्याने. चालवणाऱ्याने कान लावत बसू नये.

पाण्याची चाचणी: पाइपाने दारावर मंद धार सोडा, आत कुणाला तरी बसवा. ओल दिसली तर फोटो काढा.

"आवाजच तर आहे" म्हणून सोडू नका

ज्या फटीतून वारा शिरतो तिथून पाणीही शिरू शकतं. खानापूर, चोर्ला, आंबोलीच्या पावसात गाडी चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पाणी कार्पेटखाली साचलं की वास, बुरशी, गंज, आणि वायरिंगच्या जोडांना ओल. हे दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात उघडं पडतं, तोवर वॉरंटी संपत आलेली असते. आज फुकट होणारं काम तेव्हा खिशातून करावं लागतं.

जॉब कार्ड हेच तुमचं व्हाउचर

मी कॉमर्सवाला. आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं, व्हाउचर नाही तर नोंद नाही. इथेही तेच. तोंडी सांगून, फोन करून, "एकदा बघून द्या" म्हणून परत आलात तर कागदावर तुमची तक्रार झालेलीच नाही.

आपल्या भागात एक अडचण जास्तीची आहे. आपण मराठीत सांगतो "सूं सूं येतंय". ॲडव्हायझर संगणकावर इंग्रजीत टाइप करतो, "पुढून आवाज". आत मेकॅनिकला कन्नडमध्ये सांगितलं जातं, "गाळी सद्दु". तीन भाषांतून जाताना दार कुठलं, वेग किती, कोपरा कुठला हे सगळं गळून पडतं. माझ्या पहिल्या तीन फेऱ्यांत हेच झालं. चौथ्या वेळी मी त्या कोपऱ्यावर टेपचा चार बोटं तुकडा लावूनच गाडी नेली आणि मेकॅनिकला शेजारी बसवून हायवेवर गेलो. टेपसकट आवाज नाही, टेप काढली की आवाज. त्याला भाषेची गरज पडली नाही.

जॉब कार्डवर तक्रार अशी लिहून घ्या: "ताशी ८०च्या वर, चालकाच्या दाराच्या वरच्या मागच्या कोपऱ्यातून वाऱ्याचा आवाज. एसी बंद असतानाही येतो. त्या जागी टेप लावल्यावर थांबतो." सही करण्याआधी वाचा. गाडी घेताना काय काम केलं ते लिहून मागा. "दोष आढळला नाही" असं लिहिलं असेल तर तीही प्रत घ्या, ती पुढे उपयोगी पडते. आवाज तसाच असेल तर समाधानाच्या कागदावर नुसती सही करू नका, "तक्रार कायम" लिहून तारीख टाका.

"नॉर्मल आहे" याला उत्तर

हे उत्तर हवेतून येत नाही. कामावर परिणाम न करणारा किरकोळ आवाज आणि कंप वॉरंटीत धरत नाही, असं कलम अनेक कंपन्यांच्या वॉरंटी पुस्तिकेत असतं. झिजणाऱ्या रबरी भागांसाठी वेगळी मुदतही असू शकते. तेव्हा भांडायला जाण्याआधी आपली पुस्तिका वाचा.

त्यावर उपाय म्हणजे तुलना. शोरूमची टेस्ट ड्राइव्हची गाडी, तेच मॉडेल, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालवून दाखवा म्हणावं. तिथेही तितकाच आवाज असेल तर तो त्या मॉडेलचा स्वभाव आहे, आणि हे मान्य करण्याचा मोठेपणा आपल्याकडे हवा. नसेल, तर "नॉर्मल" हा शब्द तिथेच संपतो. ही तुलना झाल्याचं जॉब कार्डवर लिहून घ्या. मोबाइलच्या डेसिबल ॲपचा आकडा पुरावा म्हणून कच्चा, पण एकाच फोनने दोन्ही गाड्यांत घेतलेला फरक बोलणी करायला चालतो.

एक काळजी घ्या. बाहेरच्या गॅरेजमध्ये सिलिकॉन भरून घेणं, वेगळं रबर चिकटवणं किंवा दार सोडवणं वॉरंटी आहे तोवर टाळा. त्या भागाची जबाबदारी नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

वर कुठे जायचं

दोन-तीन जॉब कार्ड झाली की वर्क्स मॅनेजरला लेखी द्या. मग कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा, तक्रार क्रमांक घ्या आणि कंपनीच्या भागातल्या सर्व्हिस मॅनेजरसमोर संयुक्त तपासणीची मागणी करा. डीलरला सुटेना झालेलं काम बऱ्याचदा इथे सुटतं. ईमेल साध्या इंग्रजीत, मुद्द्यांत, तारखांसह असावा. राग नको.

इथेही अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथून कंपनीकडे पाठपुरावा होतो, पण निकाल मिळत नाही. निकालासाठी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या या गोष्टी लक्षात ठेवा:

• मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात जाता येतं.

• फी ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये, ५० लाखांपर्यंत १,००० रुपये.

• तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. सीमाभागासाठी हे फार महत्त्वाचं. गाडी कोल्हापूरच्या किंवा गोव्याच्या शोरूममधून घेतली असली तरी निपाणी, खानापूर, बेळगावच्या माणसाला बेळगावच्या आयोगात दाद मागता येते.

• तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं. नुसता पत्रव्यवहार चालू ठेवल्याने ही मुदत आपोआप वाढत नाही.

• डीलर आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करा. वकिलाची नोटीस सक्तीची नाही, पण पाठवलेली बरी.

• तपासणीशिवाय दोष कळणार नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. दोष आहे हे दाखवण्याचा भार ग्राहकावर असतो. २००६ साली मारुती उद्योगाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटीतलं बंधन सदोष भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचं आहे, सरसकट गाडी बदलून देण्याचं नाही. वाऱ्याच्या आवाजासाठी "नवीन गाडीच द्या" ही मागणी टिकणं कठीण. "दार नीट बसवा, रबर बदला, फेऱ्यांचा खर्च आणि मनस्तापाची भरपाई द्या" ही मागणी वाजवी आहे.

माझ्या गाडीचं काय निघालं

वरच्या कोपऱ्यात बीडिंगची एक क्लिप बसलीच नव्हती आणि स्ट्रायकर किंचित बाहेर होता. क्लिप बसवली, स्ट्रायकर आत घेतला, पैसे लागले नाहीत. त्याआधीच्या तीन फेऱ्यांत मात्र तीन सुट्ट्या गेल्या आणि पेट्रोल गेलं ते वेगळं.

आज गाडी नवी असेल तर एवढंच करा. वॉरंटी संपण्याची तारीख आणि तक्रार पहिल्यांदा नोंदवल्याची तारीख, दोन्ही घरच्या कॅलेंडरवर लिहा. जॉब कार्डं एका फाइलमध्ये लावा. आणि हार्डवेअरच्या दुकानातून टेपचं एक रिळ आणून डिकीत ठेवा.