सामाजिक उद्देश की व्यावसायिक हित : ‘ओपनएआय’चा संघर्ष आणि टाटा समूहाचा दाखला

कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) क्षेत्रातील काही कंपन्यांवर नफ्याऐवजी सामाजिक उद्देशाशी बांधील असलेल्या संस्थेची देखरेख असते. हा उद्देश आणि गुंतवणूकदारांचे हित यांत संघर्ष झाल्यास अंतिम अधिकार कोणाचा, हा प्रश्न अमेरिकेतील ‘ओपनएआय’मधील घडामोडींमुळे ऐरणीवर आला. ट्रस्ट आणि कंपनी यांच्या अधिकारांचा असाच प्रश्न त्यापूर्वी मुंबईतील टाटा समूहातही उद्भवला होता.

‘ओपनएआय’ची स्थापना डिसेंबर २०१५ मध्ये ना-नफा संस्था म्हणून झाली. संशोधनासाठी मोठे भांडवल लागत असल्याने २०१९ मध्ये मर्यादित नफ्याची उपकंपनी स्थापन करण्यात आली आणि ‘मायक्रोसॉफ्ट’ने तीत एक अब्ज डॉलरची गुंतवणूक केली. नियंत्रण मात्र ना-नफा संस्थेच्या संचालक मंडळाकडेच राहिले. या मंडळाने १७ नोव्हेंबर २०२३ रोजी मुख्य कार्यकारी अधिकारी सॅम ऑल्टमन यांना पदावरून दूर केले. मंडळाशी संवाद साधताना त्यांनी सातत्याने स्पष्टता राखली नाही, असे कारण देण्यात आले. त्यानंतर सुमारे ७७० पैकी ७०० हून अधिक कर्मचाऱ्यांनी ‘मायक्रोसॉफ्ट’मध्ये जाण्याचा इशारा दिला. पाच दिवसांत ऑल्टमन परतले आणि त्यांना हटवणाऱ्या चारपैकी तीन संचालकांना मंडळ सोडावे लागले.

टाटा समूहातील वादाचा शेवट वेगळा झाला. ‘टाटा सन्स’चे सुमारे ६६ टक्के भागभांडवल टाटा ट्रस्टकडे असून, त्यावरील लाभांश शिक्षण, आरोग्य आदी कार्यांसाठी वापरला जातो. महत्त्वाच्या निर्णयांसाठी ट्रस्टनियुक्त संचालकांची संमती कंपनीच्या नियमावलीने आवश्यक ठरवली आहे. सायरस मिस्त्री यांना २४ ऑक्टोबर २०१६ रोजी अध्यक्षपदावरून हटवण्यात आल्यानंतर या अधिकारांनाही आव्हान देण्यात आले. कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१९ मध्ये मिस्त्री यांच्या बाजूने निर्णय दिला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च २०२१ रोजी तो रद्द केला.

दोन्ही ठिकाणी संचालक मंडळाला प्रमुखास हटवण्याचा अधिकार होता. फरक त्या अधिकारामागील बळाचा होता. टाटा ट्रस्टकडे बहुसंख्य भागभांडवल होते. ‘ओपनएआय’च्या मंडळाकडे कायदेशीर अधिकार होता, परंतु कंपनी ज्यांच्यावर चालते ते भांडवल आणि मनुष्यबळ ऑल्टमन यांच्या बाजूने उभे राहिले.

ऑक्टोबर २०२५ मधील पुनर्रचनेनंतर ‘ओपनएआय फाउंडेशन’कडे कंपनीचे सुमारे २६ टक्के, तर ‘मायक्रोसॉफ्ट’कडे सुमारे २७ टक्के भागभांडवल आले. कंपनीचे संचालक नेमण्याचा आणि हटवण्याचा अधिकार फाउंडेशनकडे कायम असून, सुरक्षाविषयक समितीही तिच्याच अखत्यारीत आहे. एखादी एआय प्रणाली धोकादायक वाटल्यास व्यावसायिक दबाव झुगारून ती रोखली जाईल का, यावरच या अधिकारांची खरी कसोटी लागणार आहे.