श्रीनर्मदा परिक्रमा : सीमानदीच्या दोन तीरांची वाट



उत्तरापथ व दक्षिणापथ यांची सीमा म्हणून श्रीनर्मदामैयेची ख्याती फार जुनी आहे. सम्राट हर्षवर्धनाचा दक्षिणेकडील विस्तार चालुक्यराज दुसऱ्या पुलकेशीने रोखला, इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात हर्षाच्या पराभवाचा निर्देश आहे. पुढे जानेवारी १७३८ मध्ये भोपाळनजीक निजामाशी झालेल्या तहाने नर्मदा व चंबळ यांमधील प्रदेशावर मराठ्यांचा हक्क मान्य झाला. आम्हा माळव्यातील मराठी मंडळींचे पूर्वज हीच सीमा ओलांडून येथे आले. परिक्रमावासी मात्र ती ओलांडीत नाही. तिच्या सभोवती चालतो.

मैयेची लांबी १,३१२ कि.मी., म्हणून दोन्ही तीर मिळून पायी अंतर २,६०० कि.मी.हून अधिक भरते. मैया सदैव उजव्या हातास ठेवावी व सागरसंगमाखेरीज पात्र कोठेही ओलांडू नये, हा मुख्य दंडक. परंपरेने कालावधी ३ वर्षे, ३ महिने व १३ दिवसांचा असून चातुर्मासात एके ठिकाणी मुक्काम करावयाचा असतो. आज तो थोड्यांनाच साधतो.

इंदूरकडील भाविक बहुधा ओंकारेश्वरी संकल्प करून दक्षिण तीराने पश्चिमेकडे निघतात. निमाडातील या टप्प्यात रावेरखेडी लागते. थोरले बाजीराव पेशवे २८ एप्रिल १७४० रोजी येथेच निवर्तले. त्यांच्या समाधीपाशी घटकाभर बसल्यावाचून मराठी माणसाने पुढे जाऊ नये, असे आम्हांस वाटते. त्यापुढे नावडातोडी. डॉ. सांकलिया यांच्या उत्खननांमुळे येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आली. समोरच पैलतीरी महेश्वरचे घाट व पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा वाडा दिसतो. नावेने जाण्यास फार वेळ लागत नाही. पण परिक्रमावासीयास ते वर्ज्य. सागरसंगमास वळसा घालून उत्तर तीराने परतल्यावरच, कित्येक आठवड्यांनी, त्यास महेश्वरचे दर्शन घडते.

शूलपाणीच्या झाडीची स्थिती आता निराळी आहे. मैया महाराष्ट्राच्या सीमेवरून सुमारे ५४ कि.मी. वाहते, तो हाच दुर्गम भाग. नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेलीचे पुरातन शूलपाणेश्वर मंदिर सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेले. नवे मंदिर गुजरातेत गोरा येथे उभारले गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीस भरला. काठची वाट तर बुडालीच, शिवाय वाटसरूस भाकरी देणारी अनेक आदिवासी गावेही उठली. ही हानी नुसत्या नव्या मंदिराने भरून निघणारी नव्हे. आता कोणी धडगावच्या डोंगरवाटेने जातात, तर पुष्कळजण शहादे-प्रकाशे मार्गाने सडकेवरून चालतात, आणि कित्येक दिवस मैयेचे दर्शनच होत नाही. अशाने परिक्रमा खंडित होते काय, अशी पृच्छा भाविक करतात. मैया उजव्या हातास राहिली व पात्र ओलांडले नाही, तर संकल्पास बाध येत नाही, असे आमचे मत आहे.

दक्षिण तीरावरील विमलेश्वराहून समुद्रमार्गे नावेने उत्तर तीरावरील मिठी तलाई येथे उतरावे लागते. नाव भरतीच्या वेळेवर अवलंबून असते व ती वेळ रोज बदलते. तरी तेथे एक-दोन दिवस मुक्कामाची तयारी ठेवावी. उत्तर तीराने पुढे जाताना गरुडेश्वरी प. पू. वासुदेवानंद सरस्वती (टेंबे) स्वामी महाराजांची समाधी आहे. महाराज १९१४ मध्ये तेथे समाधिस्थ झाले.